दोनशे तासांचा हिशेब : आकाशाचे भाडे आजवर कोणी भरले?

मागच्या उन्हाळ्यात किनवटच्या एका बुद्धविहारात आम्ही दहावी-बारावीच्या मुलामुलींसाठी मार्गदर्शनाची बैठक घेतली होती. पोलीस भरती, तलाठी परीक्षा, नर्सिंग, आयटीआय असे नेहमीचे विषय झाले. शेवटी अकरावी सायन्सची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पायलट व्हायला किती पैसे लागतात?" मुले हसली. खरे सांगायचे तर आम्हीही थोडे हसलो. ती खाली बसली आणि पुन्हा काही बोलली नाही.

घरी परतताना त्या हसण्याची लाज वाटली. आमच्या लेकरांनी काय व्हायचे याची सीमा ठरवण्याचा अधिकार मनुस्मृतीला नाही, असे आम्ही व्यासपीठावरून सांगतो. मग एका मुलीने आकाशाकडे बोट दाखवल्यावर आम्हाला हसू का आले? कारण आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. त्यात थोडा इतिहास आहे, कारण आजचा भाव कालच्या व्यवहारातून ठरलेला असतो.

आधी हिशेब

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, मिळवायला किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या हाती असताना व्हावे लागतात. त्याशिवाय लांब पल्ल्याचे, रात्रीचे आणि फक्त उपकरणांवर विसंबून केलेले उड्डाण असे वेगवेगळे तास ठरलेले आहेत. विमानचालन दिशाशास्त्र, हवामान, नियम, विमानाची तांत्रिक माहिती आणि रेडिओ संभाषण यांच्या परीक्षा वेगळ्या. वैद्यकीय तपासणी वेगळी.

परीक्षांना फार पैसा लागत नाही. पैसा लागतो तो तासांना. विमानाचे इंधन, देखभाल, विमा, प्रशिक्षकाचा पगार हे सगळे ताशी दरात येते. तासाला १५ हजार रुपये धरले तर २०० तासांचे ३० लाख होतात. राहणे, जेवण, परीक्षा आणि जास्तीचे तास धरून आकडा ४० ते ५० लाखांवर जातो. मोठ्या विमान कंपन्यांच्या 'कॅडेट' योजनांतून गेले तर एक कोटीच्या आसपास.

आता हाच हिशेब किनवटच्या बाजूने करू. शेतमजुराची दिवसाची मजुरी ४०० रुपये धरू आणि वर्षात २०० दिवस काम मिळाले असे मानू. म्हणजे वर्षाचे ८० हजार. ४५ लाख जमवायला त्याला ५६ वर्षे लागतील, तीही पोटाला चिमटा काढून नव्हे, पूर्ण उपाशी राहून. तासाला १५ हजार म्हणजे मिनिटाला २५० रुपये. दिवसभर सोयाबीन कापून मिळालेल्या मजुरीत आकाशात फक्त ९६ सेकंद राहता येते.

हे ऐकून काही शहाणे म्हणतील, "हा श्रीमंतांचा शौक आहे, आपण कशाला त्या वाटेला जायचे?" आमचे म्हणणे वेगळे आहे. हे तास श्रीमंतांनीसुद्धा फक्त स्वतःच्या खिशातून विकत घेतलेले नाहीत. त्यांच्या तासांचे भाडे वेळोवेळी सरकारने, संस्थानांनी आणि सार्वजनिक तिजोरीने भरलेले आहे. इतिहास पाहू.

१९२९ : एकच मुंबई इलाखा, दोन देश

काही लोक विमानाचा इतिहास पुष्पक विमानापासून सुरू करतात. २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्येही प्राचीन भारतीय विमानांवर निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार घेतला जातो, त्यातली याने उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. पुष्पक विमानाला दोनशे तास लागत नाहीत, परीक्षा लागत नाही, इंधन लागत नाही. म्हणून त्याच्या गप्पा स्वस्त. खऱ्या विमानाचा इतिहास हा पैशाचा, जागेचा आणि प्रवेशाचा इतिहास आहे.

भारतात हौशी उड्डाणाची खरी सुरुवात १९२८ च्या सुमारास झाली. दिल्ली, मुंबई, कराची अशा शहरांत फ्लाइंग क्लब निघाले आणि ब्रिटिश सरकारने त्यांना अनुदान दिले. त्या क्लबांत शिकायला येणारे कोण होते? इंग्रज अधिकारी, संस्थानिकांची मुले, उद्योगपती, मोठे व्यापारी. मुंबईच्या क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यांचे कर्तृत्व आम्ही नाकारत नाही. पुढे १९३२ मध्ये त्यांनी कराची ते मुंबई टपालाचे विमान स्वतः चालवत आणले. पण आजूबाजूचे साल पाहा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आपल्या माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाण्याची ओंजळ घ्यावी लागली. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. या दोन तारखांच्या मधोमध तो पहिला परवाना आहे. एकाच इलाख्यात एका वर्गाच्या मुलाला सरकारी अनुदानाच्या क्लबात आकाश खुले होत होते आणि दुसऱ्या वर्गाला सार्वजनिक तळ्याचे पाणी मिळवायला डोकी फोडून घ्यावी लागत होती. ते तळेही सार्वजनिक होते. क्लबाचे अनुदानही सार्वजनिक पैशातून येत होते. तो पैसा शेतसाऱ्यातून आणि मिठाच्या करातून आला होता, म्हणजे आमच्या आजोबांच्या घामातूनही आला होता.

निजामाचे आकाश आणि आमचा तालुका

किनवटच्या वाचकांना हे अधिक जवळचे आहे. आपला तालुका तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. पैनगंगेच्या काठचे गोंड, कोलाम, आंध आणि आमचे महार, मांग बांधव ज्या सरकारचे रयत होते, त्या सरकारच्या राजधानीत बेगमपेठला १९३० च्या दशकात एअरो क्लब उभा राहिला. १९४५ मध्ये निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत 'डेक्कन एअरवेज' सुरू झाली. म्हणजे संस्थानाची तिजोरी विमानांना पैसे देत होती. त्याच संस्थानात आमच्या भागातल्या पोरांना शाळा पाहायलाही मैलोन्मैल चालावे लागत होते.

याच डेक्कन एअरवेजची एक चांगली गोष्टही सांगायला हवी. प्रेम माथुर या तरुणीने १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळवला. आठ कंपन्यांनी तिला बाई म्हणून नाकारले. डेक्कन एअरवेजने तिला घेतले आणि ती भारतातली पहिली व्यावसायिक महिला वैमानिक ठरली. यातून एवढेच घ्यायचे की परवाना हातात असूनही दार बंद राहू शकते आणि ते उघडायला एक तरी संस्था तयार असावी लागते.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. १९५३ च्या कायद्याने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये गेली. फ्लाइंग क्लबांना सरकारी मदत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. पण क्लब होते मोठ्या शहरांत, माध्यम होते इंग्रजी आणि ओळखी होत्या त्याच जुन्या वर्गाच्या. अनुदान कागदावर सगळ्यांसाठी होते, पण त्याच्यापर्यंत पोचणारा रस्ता सगळ्यांसाठी नव्हता.

बेसी कोलमनने काय केले?

आमच्या चळवळीचे नाते अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या लढ्याशी जुने आहे, म्हणून एक दाखला तिथला घेऊ. बेसी कोलमन हिचा जन्म २६ जानेवारी १८९२ चा, टेक्सासमधला. आईवडील वाट्याने शेती करणारे. बेसी शिकागोत केशकर्तनालयात लोकांची नखे साफ करण्याचे काम करत होती. तिला विमान शिकायचे होते, पण काळी आणि त्यात बाई म्हणून अमेरिकेतल्या एकाही शाळेने तिला घेतले नाही. मग ती फ्रेंच शिकली, पैसे साठवले आणि फ्रान्सला गेली. तिच्या खर्चाला 'शिकागो डिफेंडर' या काळ्या समाजाच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी हातभार लावला. १५ जून १९२१ ला तिला परवाना मिळाला. परत आल्यावर ती विमानाच्या कसरती करू लागली आणि जिथे काळ्यांना वेगळ्या दाराने आत घेतले जाई तिथे उडायला तिने नकार दिला. १९२६ मध्ये अपघातात ती गेली. १९२९ मध्ये, म्हणजे टाटांना परवाना मिळाला त्याच वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये तिच्या नावाने काळ्या तरुणांचा एअरो क्लब निघाला.

पण समाजाच्या वर्गणीतून किती बेसी घडणार? पुढचे पाऊल सरकारला उचलायला लावावे लागले. अमेरिकन सरकारने नागरी वैमानिक प्रशिक्षणाची योजना आखली तेव्हा काळ्या वैमानिकांनी आणि त्यांच्या वृत्तपत्रांनी दबाव आणला. १९३९ मध्ये दोन काळे वैमानिक शिकागोहून एका जुन्या विमानातून वॉशिंग्टनला जाऊन खासदारांना भेटले. त्या वर्षीच्या कायद्यात वंशावरून कोणालाही प्रशिक्षण नाकारू नये अशी तरतूद झाली. टस्कीगीसारख्या काळ्यांच्या महाविद्यालयांत सरकारी खर्चाने उड्डाण शिकवले जाऊ लागले आणि त्यातूनच दुसऱ्या महायुद्धातले टस्कीगी वैमानिक पुढे आले. म्हणजे पहिली स्त्री समाजाच्या पैशावर उडाली. तिच्यामागून शेकडो जण उडाले ते सरकारच्या पैशावर, आणि तो पैसा त्यांनी भांडून मिळवला होता.

बाबासाहेबांचा आग्रह आणि आमचे विस्मरण

हीच गोष्ट बाबासाहेबांनी आपल्याकडे केली. ते स्वतः बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले होते. शिक्षणाचे भाडे कोणीतरी भरल्याशिवाय गरिबाचे पोर वर येत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची मागणी केली, आणि तिचा भर विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणावर होता. कारण साधे होते. कला आणि कायद्याचे शिक्षण कसेबसे परवडते, तांत्रिक शिक्षण परवडत नाही. जे परवडत नाही तिथेच सरकारने पैसा घालावा. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५० मध्ये मराठवाड्यासाठी औरंगाबादला महाविद्यालय निघाले, तेच आजचे मिलिंद.

आज त्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात वैद्यकीय आणि अभियांत्रिकीबरोबर व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रमही आहे. किती जणांना हे माहीत आहे? आम्हालाही त्या मुलीने विचारेपर्यंत ठाऊक नव्हते. मात्र तरतूद असणे वेगळे आणि पुरेशी असणे वेगळे. केंद्राच्या 'टॉप क्लास' शिष्यवृत्तीत खासगी फ्लाइंग क्लबसाठी अनेक वर्षे वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा होती. दोन वर्षांचे धरले तरी साडेसात लाख होत नाहीत.

मग उरलेल्या पैशांसाठी बँक. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत वैमानिक प्रशिक्षण बसते, पण साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. तारण म्हणजे जमीन किंवा घर. आता पुन्हा इतिहासात जा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह का केला? कारण आमच्या माणसाच्या नावावर जमीन नव्हती. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्या कितीतरी घरांच्या नावावर आजही सातबारा नाही. ज्या व्यवस्थेने जमीन दिली नाही, तीच व्यवस्था आता विचारते, तारण काय देता?

दुसरे दार नोकरीचे. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया सार्वजनिक उपक्रम होते तोवर आरक्षणाचे धोरण त्यांना लागू होते. पायलटच्या जागा भरतानाही 'आमच्या जागा किती?' हा प्रश्न विचारता येत होता. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे गेली आणि तो प्रश्न विचारायची खिडकी बंद झाली. खासगीकरणाविरुद्ध आपण बोलतो तेव्हा रेल्वे आणि बँका आठवतात, कॉकपिट आठवत नाही. तेही आठवले पाहिजे.

मग आज वाट कुठली?

मागण्या पुढे मांडतो. पण लेकरांचे वय थांबत नाही, म्हणून आज उघडी असलेली दारे आधी सांगतो.

पहिली वाट : पूर्ण खर्च सरकारचा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असेल तर एनडीएमधून हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत जाता येते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. प्रशिक्षणाला पैसा लागत नाही, आणि हवाई दलातले तास पुढे नागरी परवान्यासाठी उपयोगी पडतात. मुलींनाही २०२२ पासून एनडीएत प्रवेश मिळतो आहे. तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. दहावीनंतर तिथे निवड होते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. पदवीनंतर एएफकॅटची परीक्षा आहे. इथे आरक्षण नाही, त्यामुळे गणित आणि इंग्रजीची तयारी आठवीपासूनच हवी.

दुसरी वाट : इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी, रायबरेलीजवळच्या फुर्सतगंजला. ही केंद्र सरकारची संस्था आहे. प्रवेश परीक्षेने होतो आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसींसाठी राखीव जागा आहेत. शुल्क ४५ लाखांच्या घरात आहे. म्हणून अर्ज करण्याआधीच समाजकल्याण कार्यालयात जाऊन या वर्षी कोणती शिष्यवृत्ती किती रकमेपर्यंत मिळेल, हे लेखी विचारा.

तिसरी वाट : 'महाज्योती'. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत मोफत वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली. त्या प्रवर्गातल्या मित्रांनी तिची जाहिरात सुटते का, यावर लक्ष ठेवावे.

चौथी वाट चवीची आहे. एनसीसीच्या हवाई शाखेत छात्रांना मायक्रोलाइट विमानात उडण्याची संधी मिळते. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे, तिथे इंजिनाशिवायच्या विमानात बसता येते. हे तास सीपीएलच्या दोनशे तासांची जागा घेत नाहीत. पण लाखो रुपये घालण्याआधी आपल्याला हे जमते का, हे तिथे कळते.

पाचवी वाट परवान्यानंतरची. सीपीएल मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. मोठे विमान चालवायला टाइप रेटिंगचा वेगळा खर्च येतो. अशा वेळी सहायक उड्डाण प्रशिक्षकाचे रेटिंग घेऊन फ्लाइंग शाळेत शिकवणे ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे. आधी आपण तासाला पैसे देतो, प्रशिक्षक झाल्यावर त्याच तासाला आपल्याला पैसे मिळतात आणि अनुभवही वाढतो.

आणि एक इशारा. आमच्या ओळखीतल्या एका घराने शेत विकून एका दलालाला पैसे दिले, "परदेशात सहा महिन्यांत स्वस्तात पायलट" या आश्वासनावर. मुलगा परवान्याशिवाय परत आला. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी वैद्यकीय तपासणी, मग लेखी परीक्षा, आणि सर्वांत शेवटी तासांचे पैसे. डोळ्यांत किंवा कानांत अडचण निघाली तर काही हजारांत कळेल, लाखांत नाही. शाळा डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते पाहा, विमाने खरोखर उडत आहेत का ते स्वतः जाऊन पाहा आणि सगळे पैसे एकदम भरू नका. परदेशी परवाना आणला तरी तो भारतीय परवान्यात बदलायला इथल्या परीक्षा चुकत नाहीत.

आमच्या मागण्या

एक : 'महाज्योती' जे करू शकते ते अनुसूचित जातींसाठी बार्टीने आणि आदिवासींसाठी टीआरटीआयने दरवर्षी, ठरलेल्या जागांसह आणि पूर्ण दोनशे तासांच्या खर्चासह करावे. तास अर्धे आणि प्रमाणपत्र पूर्ण, असले प्रकार नकोत.

दोन : जिथे सार्वजनिक जमीन आणि सार्वजनिक धावपट्टी आहे तिथल्या प्रत्येक फ्लाइंग शाळेत राखीव जागा हव्यात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर राज्याच्या विमानतळ विकास कंपनीच्या जागेत एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था येते आहे. जागा जनतेची, मग जनतेच्या लेकरांचा वाटा किती?

तीन : नांदेड आणि लातूरच्या धावपट्ट्या २००९ मध्ये ९५ वर्षांच्या कराराने खासगी कंपनीला दिल्या गेल्या. मराठवाड्याला त्यातून काय मिळाले? यांपैकी एका धावपट्टीवर सरकारी फ्लाइंग क्लब हवा.

चार : वैमानिक प्रशिक्षणाच्या कर्जाला अनुसूचित जाती-जमातींसाठी सरकारची हमी हवी, तारण नको.

पाच, आणि ही मागणी आपल्या स्वतःकडे : किनवट, माहूर, हिमायतनगरच्या आमच्या वस्त्यांत आणि आश्रमशाळांत अकरावीला गणित-भौतिकशास्त्र घेणाऱ्या मुली किती, हे मोजा. ते दोन विषय सुटले की वरची सगळी दारे एकदम बंद होतात. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचवला तर दहा मुलींच्या गणिताच्या शिकवणीचे वर्ष निघते.

ओडिशाच्या मलकानगिरीसारख्या जिल्ह्यातली अनुप्रिया लाक्रा ही आदिवासी मुलगी २०१९ मध्ये व्यावसायिक वैमानिक झाली. तिचे वडील पोलीस हवालदार. म्हणजे हे अशक्य नाही. पण एकेका घराने कर्जात बुडून एकेक अनुप्रिया घडवावी, यावर आम्ही समाधानी नाही. १९२८ साली सरकारी पैसा वरच्यांच्या तासांसाठी वापरला गेला, तेव्हा त्याला कोणी भीक म्हटले नाही. आज आम्ही तोच पैसा मागतो तेव्हा त्याला फुकटेपणा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

त्या मुलीचे घर आम्ही शोधून काढले. वडील बांधकामावर जातात, आई रोजंदारीने. हा सगळा हिशेब आम्ही तिच्यासमोर वहीत मांडला. तिने शांतपणे पाहिला आणि विचारले, "म्हणजे आधी डोळे तपासायचे ना?" पुढच्या आठवड्यात आम्ही तिला नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जाणार आहोत. या वेळी कोणी हसले नाही.

जय भीम!